कथेतल्या माणसालाही बरं होऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली कथा वाचून हे पत्र लिहितो आहे. नैराश्याने घेरलेला तरुण, भाड्याची खोली, आईचे न उचललेले फोन आणि शेवटच्या परिच्छेदात त्याने जीव देणं. भाषा देखणी होती. लेखकाला त्या मुलाबद्दल कळवळा आहे, यातही शंका नाही. तरी वाचून झाल्यावर मला राग आला. याच वाटेने जाणाऱ्या आणि इथेच येऊन थांबणाऱ्या कितीतरी कथा गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतून वाचल्या आहेत.

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत औषधांचं दुकान आहे आणि वाचनाचा नाद जुना आहे. नैराश्यावरच्या गोळ्या न्यायला येणारे बरेच जण आमच्या भागातले नसतात. कुणी पार शिवाजी पेठेतून येतो, कारण घराजवळच्या दुकानात चिठ्ठी दाखवली तर गल्लीत बोभाटा होईल अशी भीती असते. कुणी खोकं काउंटरवरच टाकून फक्त पट्टी खिशात घालतो. "सवय तर नाही ना लागणार?" हे तर जवळपास प्रत्येक जण विचारतो. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, झोपेची गडबड हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. त्या मधल्या दिवसांत घरचे म्हणतात, "सोड त्या गोळ्या, जरा व्यायाम कर." पुढे बरं वाटायला लागलं की माणूस स्वतःच गोळ्या बंद करतो, डॉक्टरांना न विचारता, आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच चिठ्ठी घेऊन येतो. या सगळ्यात कथा नाही असं कोण म्हणेल? पण आपल्या कथांमध्ये गोळ्या येतात त्या बहुतेक वेळा जीव देण्यासाठी. गोळ्या घेऊन, अडखळत, चिडचिड करत सावरलेला माणूस क्वचितच भेटतो.

असे विषय छापूच नयेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. आत्महत्येबद्दल बोलल्याने किंवा विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. प्रश्न कसं लिहायचं याचा आहे. गाजावाजा करून छापलेल्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच दाखवलं. त्याची दुसरी बाजू २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी मांडली. मरणाच्या विचारापर्यंत पोचलेला माणूस त्यातून कसा निभावला, असा मजकूर छापून आला तेव्हा आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं त्यांना आढळलं. ते संशोधन वर्तमानपत्रांतल्या मजकुराचं होतं, कथांचं नव्हतं, हे मान्य. पण आपली कथा त्याच वर्तमानपत्रात छापून येते ना?

भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. बातमी ठळक जागी छापू नये, पद्धत सांगू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये. आपला बातमीदार हे पाळतो. मग त्याच अंकाच्या पुरवणीत कथाकार पद्धत, जागा, वेळ, शेवटची चिठ्ठी असं सगळं सविस्तर लिहितो, त्याला कुणी का विचारत नाही?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांत कौटुंबिक अडचणी आणि आजारपण मिळून जवळपास निम्मी प्रकरणं. पोलिसांना नोंद करायची तर एक कारण लिहावं लागतं. कथाकारावर ती सक्ती नाही, तरी तोही एकच कारण शोधतो: प्रेमभंग, कर्ज, नापास झालेली परीक्षा. आणि एकदा तसं झालं की मरण अटळ वाटायला लागतं. नेमक्या त्याच अवस्थेतून जाणाऱ्या वाचकाला हेच अटळपण सर्वांत घातक.

मला वाचायचा आहे तो माणूस वेगळा आहे. चाळिशीतला, तालमीच्या कट्ट्यावर वाढलेला. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा एकही सामना न चुकवणारा हा गडी हंगाम सुरू झाला तरी घरातच बसून आहे. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. अंघोळीला उठणं डोंगराएवढं वाटतं. पोरांवर विनाकारण ओरडतो. हे नैराश्य आहे हे त्याला कळलेलंच नाही, म्हणून आमच्यासारख्या दुकानात येऊन अंगदुखीची आणि ॲसिडिटीची गोळी मागतो. आई म्हणते बाहेरचं काहीतरी असेल, कुणाला तरी दाखवा. भाऊ म्हणतो, "तुला कमी काय आहे रे?" रांगडेपणाचा एवढा अभिमान असलेल्या या गावात त्याला "मला जगावंसं वाटत नाही" हे पहिल्यांदा कुणापुढे म्हणता येतं? बायकोपुढे, तालमीतल्या मित्रापुढे, की सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या अनोळखी डॉक्टरांपुढे? आणि ऐकणारा त्यावर काय बोलतो? माझ्या मते कथेचा कस तिथे लागतो. असं लिहिणं मृत्यूच्या प्रसंगापेक्षा कितीतरी अवघड आहे.

कायदाही आता बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. पोलीस केसच्या धास्तीने दवाखान्यात न्यायला उशीर करणाऱ्या घरांना ही माहिती एखाद्या कथेतूनही पोचू शकते.

दिवाळी अंकाच्या कथा आपल्याकडे आता येऊ लागतील. या विषयावरची कथा निवडली, तर छापण्याआधी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला ती वाचायला द्या. पद्धतीचा तपशील गाळायला लेखकाला सांगा, कथेला त्याने काही कमी पडत नाही. आणि कथेखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. ती सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.

आपला नियमित वाचक,
एक औषधविक्रेता, राजारामपुरी, कोल्हापूर