सूचना : तौलनिक निबंधाचा विषय ठरवताना

सर्व अभ्यासगट सदस्यांना,

निबंधाचे विषय पुढच्या बैठकीआधी गटावर टाकायचे आहेत, ही आठवण. आत्तापर्यंत आलेले बरेचसे विषय ‘दोन कादंबऱ्यांतील स्त्री’ या धाटणीचे आहेत. एवढ्या ऐसपैस विषयावर प्रबंध होईल, निबंध नाही.

फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ (पुस्तकरूपात १८५७) आणि टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ (१८७८) या कादंबऱ्यांची जोडी घ्या. दोन्हींत विवाहबाह्य प्रेम आहे, दोन्हींत नायिकेची आत्महत्या आहे. पण साम्यांची यादी म्हणजे तुलना नव्हे. ‘मादाम बोव्हारी’ची नायिका एमा हिला शेवटी घेरतं ते उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याचं कर्ज. अ‍ॅनाला घेरतो उच्चभ्रूंचा बहिष्कार आणि मुलाचा विरह. ‘नायिकेच्या शेवटात पैशाचा वाटा किती?’ असं विचारलं की विषय लगेच आटोपशीर होतो, आणि दोन्ही कादंबऱ्यांतले नेमके प्रसंग पुन्हा वाचावे लागतात.

एका लेखकाचा दुसऱ्यावर प्रभाव दाखवायचा असेल तर पत्रं, रोजनिशी, भाषांतराची तारीख असा पुरावा हाताशी हवा. तो नसेल तर सरळ समांतर वाचन करा, म्हणजे प्रभावाचा दावा न करता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. त्यात कमीपणा काहीच नाही.

अनुवादावरून लिहिणाऱ्यांनी अनुवादकाचं नाव द्यावं आणि शैलीबद्दल जपून बोलावं.

विषय प्रश्नाच्या रूपात, एका वाक्यात पाठवा. दोन्ही पुस्तकं पूर्ण वाचलेली असावीत, हे खरं तर सांगायला लागू नये.

– संयोजक