मेंदूच्या स्कॅनचा आकडा आधी डॉक्टरांकडे जाऊ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मेंदूचा एमआरआय एआयला वाचायला दिला की डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश, लवकर पकडता येतो, अशा बातम्या हल्ली घरच्या ग्रुपवर सारख्या येतात आणि त्यात तथ्य आहेच. अल्झायमर ह्या डिमेन्शियाच्या प्रकारात हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, लवकर आक्रसायला लागतो आणि नुसत्या नजरेतून सुटेल एवढा फरक सॉफ्टवेअर मोजून दाखवतं. अमेरिकेत अशा एका सॉफ्टवेअरला २००६ मध्येच परवानगी मिळाली होती. आपल्या देशात साठीच्या पुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, न्यूरॉलॉजिस्ट मोजके आणि तेही मोठ्या शहरांत, तेव्हा ही मदत हवीच.

पण तो भाग लहान झालाय हे ठरवायला तुलनेला माणसं लागतात ना, ती कुठली? असे बरेच प्रोग्रॅम ज्या स्कॅनवर शिकले त्यातला मोठा साठा २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एडीएनआय नावाच्या अल्झायमरवरच्या अभ्यासातला, त्यात बहुतेक गोरे आणि भरपूर शिकलेले लोक. हैदराबादच्या ट्रिपल आयटी ह्या तंत्रशिक्षण संस्थेने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या एमआरआयवरून मेंदूचा नकाशा तयार केला तेव्हा आपला मेंदू उंची, रुंदी, आकारमान सगळ्यातच पाश्चात्त्यांपेक्षा सरासरी लहान निघाला. कवटीच्या मापाचा हिशोब बरेच प्रोग्रॅम धरतात, तरी कोणाशी ताडून पाहिलं हे रिपोर्टवर लिहायला नको का?

आमच्या सासूबाईंचा रिपोर्ट इथल्या, इंदूरच्या, एका खाजगी सेंटरने रात्री थेट व्हॉट्सॲपवर पाठवला, डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची. रंगीत मेंदू, त्याखाली लाल अक्षरात ३ पर्सेंटाइल, म्हणजे तुलनेतल्या शंभरातल्या जेमतेम तिघांचाच तो भाग ह्यांच्यापेक्षा लहान, बस. दिरांनी तो नातेवाइकांना फॉरवर्ड केला आणि सकाळपर्यंत सासूबाईंचं पासबुक कपाटात गेलं, गॅसपाशी त्यांना कोणी उभं राहू देईना, आणि त्या बिचाऱ्या "अगं माझं काय चुकलं" विचारत ओट्याशी उभ्या. नंतर डॉक्टरांनी त्यांच्याशी नीट बोलून बी-१२ आणि थायरॉइड बघायला सांगितलं, बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत, विसरणं पूर्ण गेलेलं नाही, पुढे काय ते डॉक्टर परत तपासून सांगतील. पण भाजी-आमटी त्या पुन्हा करतात आणि हिशोबही स्वतःच लिहितात.

बी-१२ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन, डोक्यात साचलेलं पाणी किंवा रक्त, ह्या सगळ्यांनी विसराळूपणा येतो आणि ह्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ऐकू कमी येत असेल तरी माणूस विसरल्यासारखा वाटतो. पर्सेंटाइलच्या एका आकड्यात ह्यातलं काय आहे ते कळत नाही, त्यासाठी माणसाला समोर बसवून विचारावं लागतं, आणि आपल्या मराठी आज्यांना चाचणी म्हणून शंभरातून सात-सात वजा करायला हिंदीत सांगितलं तर त्या अडखळणारच, तेव्हा मराठीत विचारा.

इंदूरच्या स्कॅन सेंटरवाल्यांना कळकळीची विनंती आहे की तुलना कुठल्या लोकांशी केली ते रिपोर्टवर छापा आणि असा रिपोर्ट डॉक्टरांमार्फतच द्या, घरच्यांच्या फोनवर रात्री टाकू नका. एमवायसारख्या सरकारी दवाखान्यात स्कॅनच्या आधी स्मृतीची साधी चाचणी आणि रक्ततपासणी एकाच ठिकाणी व्हावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना चार ठिकाणी हिंडावं लागणार नाही.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर