मुक्ता, रेडिओ सगळ्यात शेवटी घे

कऱ्हाड,
रविवार, रात्री

प्रिय मुक्ता,

पावणेबाराला तुझ्या दोन लिंका येऊन पडल्या. दोन्ही हॅम रेडिओच्या, म्हणजे आपल्या हौशी वायरलेसच्या. एक अडीच हजारांचा चिनी हँडी, हातात धरायचा छोटा सेट. दुसरी लाखाच्या घरातली एचएफ रिग, जगभर बोलायचा टेबलावरचा मोठा सेट. खाली एवढंच, "आई, यातला कुठला?" शिकवणीचे साठवलेले बारा हजार तुझ्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे, तेव्हा दुसरी लिंक माझ्यासाठी होती की बाबांसाठी ते आधी सांग. त्यांनी वाचली, हसले आणि कुशीवर वळून झोपले. माझी झोप मात्र गेली. २००२ साली मी नेमकी तुझ्यासारखीच वागले होते.

माझी भिशी लागली होती. हॅमचा परवाना नुकताच हातात आलेला, अंगात नुसता उत्साह. कुणीतरी जुनी शंभर वॉटची रिग विकतोय असं कळलं आणि मी मामाला सोबत घेऊन तडक गेले. विकणाऱ्याने झाकण पुसून दाखवलं, दिवे लावून दाखवले, "कंडिशन टकाटक" म्हणाला. मीही भुलले. ट्रान्समिट करून बघायचं सुचलंच नाही. घरी आल्यावर कळलं की तिला १३.८ व्होल्टचा वीस अँपिअर देणारा पॉवर सप्लाय लागतो, आणि माझ्याकडे होता तीन अँपिअरचा. माइक दुसऱ्याच कंपनीचा. सप्लाय जमवेपर्यंत सात महिने गेले. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं तर पॉवर मीटरचा काटा शंभरची वाट धरायचा आणि पंधरापाशीच दमायचा. सिग्नलला जोर देणारे फायनल ट्रान्झिस्टर केव्हाच निकामी झालेले. तोवर आजींनी त्या रिगवर पापडाचा डबा ठेवायला सुरुवात केली होती. आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्या रिगचा तेवढा एकच उपयोग झाला.

म्हणून म्हणते, "कुठला रेडिओ" हा प्रश्न शेवटचा ठेव. आधी सांग, तू बोलणार कुठून आणि कुणाशी?

पुण्यात कर्वेनगरच्या त्या खोलीतून हँडीवर बोलणार असशील तर खिडकीबाहेर काय दिसतं ते बघ. समोर इमारत, मागे इमारत. हँडी ज्यावर बोलतो त्या दोन मीटरच्या बँडवरच्या, म्हणजे दोनेक मीटर लांबीच्या, लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. जमिनीवर उभं राहून सेट तोंडाशी धरलास, तर मोकळ्या सपाट मैदानातही क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं. अँटेना दहा मीटरवर चढवलीस की तेच तेरापर्यंत जातं. वॉट वाढवून क्षितिज पुढे सरकत नाही, उंची वाढवून सरकतं. मला हे पुस्तकातून नाही, सदाशिवगडावर समजलं. खाली घरात मुका वाटणारा सेट घेऊन पायऱ्या चढले, देवळाच्या मागच्या कठड्यावर बसले, आणि साताऱ्याच्या पलीकडचे एक काका शेजारी बसल्यासारखे स्वच्छ ऐकू आले. सेट तोच, बॅटरी तीच. तुझ्याकडे वेताळ टेकडी आहे, चालत जाण्यासारखी. मग दोन हजारांचा हँडी की दहा हजारांचा, हा प्रश्नच निम्मा संपतो.

तर हँडी घे. स्वस्तातलाच घे. नाकं मुरडणारे भेटतील, त्यांचं खोटंही नाही. त्यातलं सगळं काम एका चिपवर होतं, त्यामुळे बाहेरची मोठी अँटेना लावली की जवळच्या जोरदार सिग्नलने तो बहिरा होतो. काहींच्या ट्रान्समिशनमध्ये नको तिथे घाणही येते. तरी रिपीटर, म्हणजे आपलं बोलणं उंचावरून पुढे पाठवणारं स्टेशन, कसं वापरायचं, त्यासाठी ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत ६०० किलोहर्ट्झची शिफ्ट कशी लावायची, टोन कसा बसवायचा, आपला कॉलसाइन न अडखळता कसा सांगायचा, एवढं शिकायला तो पुरतो. पडला, भिजला तर फार रडायला येत नाही.

फक्त घेताना डोळे उघडे ठेव. बिल हवं, आणि विकणाऱ्याला त्या मॉडेलचा ईटीए, म्हणजे सरकारी मंजुरीचा, नंबर विचारायचा. तो गप्प बसला तर दुकान बदलायचं. हे सेट १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलतात, पण आपल्याला त्यातले १४४ ते १४६ एवढेच दिलेत. तू जे व्हिडिओ बघतेस त्यात अमेरिकन माणूस १४८ पर्यंत सांगतो, ते त्याच्या देशात. हँडीवरच्या दुसऱ्या, सत्तर सेंटिमीटरच्या बँडलाही तसंच, आपली हद्द ४३४ ते ४३८. हद्दीबाहेर पोलीस, अग्निशमन, कुणीही असू शकतं, तेव्हा चॅनेल भरतानाच बाहेरचं ट्रान्समिट बंद करून टाक. चर्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रोग्रॅमिंगची केबल सेटसोबतच माग, त्या बारक्या बटणांवर चॅनेल भरणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. आणि जादा अँटेना घेताना सेटवरचा एसएमए, म्हणजे अँटेना फिरवून बसवायचा जोड, नर आहे की मादी ते बघ. चिनी सेटवर बहुतेक नर असतो, जपानी सेटवर उलटं. माझ्या ड्रॉवरमध्ये न बसणाऱ्या दोन अँटेना अजून आहेत.

आणि परवाना येईपर्यंत सेट विकत घ्यायचा नाही. परीक्षा पास झालीस, पेढेही वाटलेस, पण विनापरवाना ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही. तुझा व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन कागदावर येऊ दे.

तोवर अँटेनासाठी तार काप. तपकीर गल्लीत अँटेनाची केबल जोडायचं एसओ-२३९ सॉकेट मिळतं, पॅनेलवर बसतं तसं, चार भोकांचं. मधल्या पिनेला जाड तांब्याची तार उभी डाग दे, साधारण ४९ सेंटिमीटर. चार भोकांना तेवढ्याच चार तारा, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. झाली दोन मीटरच्या बँडची ग्राउंड प्लेन अँटेना. सेटसोबत येणाऱ्या रबरी शेपटीपेक्षा कितीतरी बरी, आणि खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा. खोलीच्या मालकांना विचारून गच्चीवर लाव. "टीव्हीची आहे" असं सांगू नकोस, उद्या त्यांच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की नाव तुझंच येणार.

सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर कंजुषी मात्र करायची नाही. इथे मीच चुकले होते, म्हणून जरा लांबवते. आरजी-५८ बारीक, स्वस्त, वाकवायला सोपी. पण दोन मीटरच्या बँडवर तिचा वीस मीटरचा तुकडा निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच खातो. पाचातले जेमतेम दोन वॉट गच्चीवर पोचतात. ऐकायला येणाऱ्या सिग्नलचीही तीच गत, ते तर आधीच अर्धमेले असतात. आरजी-२१३ जाड आहे, महाग आहे, पण तेवढ्याच लांबीत ती साधारण तिसरा हिस्साच पॉवर खाते. नाहीतर केबलच आखूड ठेव. गच्चीच्या दाराशी बसून बोल, खोलीत आरामात बसायचा हट्ट सोड.

अँटेनाचं एवढं का, ते सांगते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती अंदमानात पोर्ट ब्लेअरला हॅम मोहिमेवर होते, जगभरच्या हॅमना त्या दुर्मीळ ठिकाणाशी बोलता यावं म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्यांच्याच स्टेशनवरून निरोप जाऊ लागले. सगळे त्यांच्या धाडसाचं बोलतात, बोलायलाच हवं. मला मात्र दरवेळी हेही आठवतं की त्या सकाळी अँटेना आधीच वर चढलेली होती.

आता तुझी खरी हौस, एचएफ. जगभर बोलायचंय ना? त्यासाठी लाख रुपये लागत नाहीत. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, काढला, आपल्या बाजारात मिळतील त्या सुट्या भागांत बसेल असा. टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळायचं कडं, मिळेना, तर त्याऐवजी नळाचा वॉशर! २००६ मध्ये तू पोटात होतीस आणि मी ओट्यापाशी बसून वॉशरवर तार गुंडाळत होते. डोहाळे म्हण हवं तर. आजी म्हणाल्या, पोर प्लंबर होणार. त्या सहा वॉटवर १४ मेगाहर्ट्झला मला पहिलं उत्तर आलं ते कोलकात्याहून. पापडाच्या डब्याखालच्या रिगने जे कधी केलं नाही, ते त्या उघड्या बोर्डाने केलं. हिशेबच कर, सहा वॉट आणि शंभर वॉट यांत फरक १२ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर सिग्नलच्या जोराचे दोन एस युनिट. त्याने तुला सातऐवजी पाच दिले, तरी बोलणं होतंच.

त्याच घराण्यातला मायक्रोबिटएक्स आता तयार बोर्डावर मिळतो, दहाएक वॉटचा, ८० मीटरपासून १० मीटरपर्यंत. यूपीएसमधली १२ व्होल्टची सात एएचची बॅटरी त्याला चालते. तुझ्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला पॉवरची मर्यादा कमी, पण हा त्यात आरामात बसतो. बारा हजारांत हँडी, तार, केबल आणि हा, सगळं आज बसणार नाही. म्हणून आज केबल आणि सोल्डरिंगचं बरं सामान, परवाना आला की हँडी, आणि उरलेले तसेच ठेव. वर्षभरात शिकवणीचे अजून येतील. जुनी रिग कुणी देऊ केली तर डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावून पॉवर तपासायचं साधन, घेऊन मी सोबत येईन. मामाला न्यायचं नाही.

रेडिओ नसताना ऐकायचं असेल, तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, ब्राउझरमध्येच उघडतो. रात्री ७ मेगाहर्ट्झवर लाव आणि लोक एकमेकांना आत कसे घेतात, कधी गप्प बसतात ते ऐक. मोर्सही कानावर पडू दे, पुढच्या, जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला आठ शब्द लागतात. सेट आल्यावर अंतराळ स्थानक डोक्यावरून जाईल तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झ ऐकून बघ. दरवेळी कुणी बोलत नाही, पण कधी चित्रं सोडतात तेव्हा ती फोनवर उतरवता येतात.

शनिवारी येतेयस ना? येताना सॉकेट दोन आण, एक डाग देताना बिघडणारच. गच्चीवर बाबांनी बांबू उभा केलाय, आपल्या घरच्या चाळीस मीटर बँडच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, अँटेनासाठी. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वायर, उलट्या व्ही सारखी. एक टोक नारळाला बांधायचंय आणि तिथे चढणारं घरात तूच आहेस. दोरी नायलॉनची आण, सुती नको, गेल्या पावसात कुजली.

बाकीच्यांना हॅमच्या भाषेत ७३, म्हणजे शुभेच्छा; तुला ८८, म्हणजे प्रेम आणि पापे.

तुझी,
आई

ता. क. आजी विचारतायत, नवा रेडिओ वरून सपाट आहे का.