पालक म्हणजे भेटायला आलेले पाहुणे नव्हेत

मुलांच्या वॉर्डात रात्री पालकांना थांबू देऊ नये, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख पटला नाही. संसर्गाची भीती खरी, पण त्यावर उपाय हात धुण्याची शिस्त. आईवडिलांना बाहेर काढणे नव्हे. रुग्णालयातील मुलांच्या हिताचा विचार करणाऱ्या ब्रिटनमधील प्लॅट समितीने १९५९ मध्येच पाच वर्षांखालील मुलांसोबत आईला राहू देण्याची शिफारस केली होती. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना लहान मूल सलाईनची सुई ओढू पाहते. कुठे दुखते ते सांगत नाही, नुसते कण्हत कूस बदलते. रात्रपाळीची परिचारिका किती खाटांकडे पाहणार? हे कण्हणे नेहमीचे नाही, हे शेजारी बसलेल्या आईला (आणि बापालाही, ‘फक्त आई’ हा हट्ट कशाला?) आधी कळते. नियम करायचाच तर खाटेशेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची देण्याचा करावा.

– एक पालक