नुसता मास्क लावायचा नसतो

महोदय,

मी रेस्पिरेटरी थेरपीच्या, म्हणजे श्वसनोपचाराच्या, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. ‘म्हणजे ऑक्सिजनचा मास्क लावायचा, एवढंच ना?’ असं नातेवाईक विचारतात. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं! मग मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये आहे का, हे पाहायला शिकले. व्हेंटिलेटरवर श्वासाचं माप उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत. श्वासनलिकेतला कफ ओढून काढणारी सक्शनची नळी आत १५ सेकंदांहून जास्त ठेवायची नसते. (तेवढा वेळ मीही श्वास रोखून धरते.) सरावाच्या पुतळ्यावर हे सगळं जमतं, अतिदक्षता विभागात अलार्म वाजला की हात थरथरतात. तरी आमचे रुग्णाजवळचे तास वर्गातल्या तासांपेक्षा कमीच. ते आधी वाढवा.

– एक विद्यार्थिनी