मोतद्दारदादा, शनिवारच्या त्या वीस मिनिटांसाठी

दादा,

सप्रेम नमस्कार.

इव्हेंटिंग, म्हणजे एकाच घोड्या-स्वाराने ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि शो जंपिंग या तीन फेऱ्यांत उतरायची स्पर्धा; तिच्या निकालपत्रकात घोड्याचं नाव छापतात, स्वाराचं छापतात. मोतद्दाराला मात्र रकाना नाही. ड्रेसाजची, म्हणजे ठरलेल्या चालींच्या कसरतीची, पाचेक मिनिटं, क्रॉस कंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या दौडीची, पाच-सहा आणि शो जंपिंगचं, म्हणजे मैदानातल्या काठ्यांच्या अडथळ्यांवरून उड्यांचं, मिनिट-दीड मिनिट, एवढाच वेळ आम्ही स्पर्धेत खोगिरावर असतो. सराव धरला तरी तीन दिवसांत काही तासच. गुरुवारी गाडीची फळी वर गेल्यापासून रविवारी रात्री घोडा ठाणावर परत येईपर्यंतचा बाकी सगळा वेळ तुमचा. आम्हाला मार्ग तीन-तीनदा पायी पाहता येतो, संध्याकाळी निवांत गप्पा मारता येतात, गाढ झोप लागते, ती तुमच्या जिवावर. आभार मोघम मानायचे नाहीत, म्हणून काय काय केलंत ते एकेक लिहितो आहोत.

प्रवासात घोड्याचं डोकं आखूड बांधलं की त्याला मान खाली घालता येत नाही, आणि मान खाली गेली नाही की श्वासनलिकेत साचलेलं बाहेर पडत नाही. प्रवासानंतरचा फुप्फुसांचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. तुम्ही दर तीन-चार तासांनी गाडी थांबवायला लावलीत, दोर ढिला केलात, भिजवलेलं गवत खाली ठेवलंत. पोचल्यावर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ताप मोजून कागदावर लिहिलात. विश्रांतीत घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं, पण याच घोड्याचं रोजचं किती ते ठाऊक असेल तरच सकाळचा वाढलेला अर्धा अंश लक्षात येतो. घरच्या आठवडाभराच्या नोंदी तुम्ही सोबत आणल्या होत्यात.

ड्रेसाजला आयाळीच्या वेण्या सुबक होत्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या. स्टड, म्हणजे घसरू नये म्हणून नालात पिळून बसवायच्या खुंट्या, कोणी पाहत नाही. नालांमधली भोकं तुम्ही तेलात भिजवलेल्या कापसाने आधीच बुजवून ठेवली होतीत, त्यामुळे ऐन वेळी माती कोरत बसावं लागलं नाही. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केलेत, स्टड बोटांनी दोन फेरे बसवून मगच पाना लावलात. थेट पान्याने सुरुवात केली तर आटे वाकडे चढतात आणि ते भोक कामातून जातं. टॅप आत असताना पाय जमिनीला टेकू दिला नाहीत. टेकला असता तर घोड्याला इजा झाली असती. वरून टणक जमीन पाहून बारीक टोकदार स्टड निवडलेत, आतल्या बाजूला त्याहून लहान, म्हणजे पायाला पाय लागला तरी जखम नको. मोठे स्टड लावले की घोडा घसरत नाही हे खरं, पण टाप पडते तिथेच पाय रुतून थांबतो आणि सगळा धक्का सांध्यांना, टेंडनना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) बसतो. ‘थोडं घसरू द्यावं’ हे तुमचं म्हणणं आता आम्हालाही पटलं आहे.

आता शनिवारच्या क्रॉस कंट्रीनंतरच्या त्या वीस मिनिटांबद्दल. मार्ग २६०० मीटरचा, वेग मिनिटाला ५२० मीटर, म्हणजे ठरलेला वेळ पाच मिनिटं; पुढच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण. त्यामुळे शेवटची रेषा ओलांडेपर्यंत स्वाराची नजर घड्याळावर असते. रेषेपलीकडे तुम्ही उभे होतात. स्वार उतरताच नाकपट्टी सैल, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल, मग खोगीर खाली, आणि पायांवरची संरक्षक कवचं लगेच काढलीत, कारण त्यांच्या आत उष्णता कोंडून राहते. घोड्याच्या स्नायूंत खर्च झालेल्या ऊर्जेतली साधारण चौथाईच धावण्याच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. थांबल्यानंतरही काही मिनिटं आतलं तापमान चढतच राहतं. घोडा शांत उभा दिसतो आणि तिथेच माणसं फसतात.

गार पाण्याने स्नायू आखडतात ही भीती अजून बऱ्याच तबेल्यांत आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत यावर बरंच काम झालं आणि ती भीती निराधार ठरली. तुम्ही बर्फाचं पाणी बादल्यांनी ओतत राहिलात, मान, खांदे, पाठ, पुठ्ठे, मागच्या पायांची आतली बाजू. मधे पट्टीने पाणी निपटायला थांबला नाहीत, कारण तेवढ्या वेळात दुसरी बादली होते. मधूनमधून चार पावलं चालवलंत, सावलीत आणि वाऱ्याच्या दिशेला. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून पंधरा सेकंदांचे ठोके चौपट करत गेलात आणि मिनिटाला ६०च्या खाली आल्याशिवाय जागचे हलला नाहीत.

पाणी लगेच पाजलंत हेही बरं केलंत. घोड्याच्या घामात मीठ इतकं असतं की पाणी आणि मीठ दोन्ही एकदमच जातं, रक्त अधिक खारट होत नाही आणि घोड्याला पुरेशी तहान लागत नाही. म्हणून एका बादलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ आणि शेजारी साधं पाणी ही तुमची पद्धत. पाण्याशिवाय नुसतं इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं मिश्रण) तोंडात घातलं तर शरीरातलंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं, हे तुम्ही नवीन पोरांना बजावलंत तेव्हा आम्हीही कान देऊन ऐकत होतो.

संध्याकाळी चारही पाय हाताने चाचपलेत, बर्फ वीसच मिनिटं ठेवलात, टणक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी पाहिलीत. शेजाऱ्यांनी प्रेमाने पुढे केलेला लेपाचा डबा घटक वाचून परत दिलात, कारण त्यात कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक, होतं. ते निषिद्ध आहे आणि तपासणीत सापडतं. तबेल्यात कॉफीचा पेला आणू दिला नाहीत तोही याच कारणाने, त्यातल्या कॅफीनमुळे. आम्ही तेव्हा थोडे कुरकुरलो. चुकलं.

रात्री दर दोन तासांनी त्याला दहा मिनिटं फिरवत होतात. रविवारी सकाळी घोडा तंदुरुस्त आहे का हे बघणाऱ्या पाहणीत घोडा मोकळा दुडकला तो त्यामुळे. ताठरलेल्या पाठीचा घोडा मागचे पाय नीट उचलत नाही आणि शो जंपिंगमध्ये अडथळ्याची काठी पडते. एका काठीचे चार दंडगुण, म्हणजे क्रॉस कंट्रीवरचे दहा सेकंद. शनिवारी स्वाराने जीव तोडून वाचवलेले सेकंद रविवारी तिथे जाऊ शकतात. या वेळी एकही काठी पडली नाही.

परत आल्यावर आधी घोड्याने पाणी प्यायल्याचं पाहिलंत, लीद झाल्याचं पाहिलंत, आणि मगच स्वतः जेवायला बसलात. दादा, मनापासून आभार.

तुमचे,
खोगिरावर बसणारे आम्ही सगळे

ता. क. टॅपचे दात झिजले आहेत. नवा आणून स्टडच्या पेटीत ठेवला आहे, कापसाच्या खाली.