प्रपितामहीचं नाव लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात बडोद्यातल्या मराठी घराण्यांवरचा लेख वाचला. 'आमचे पूर्वज सयाजीराव महाराजांबरोबर आले' असं त्यात तीन कुटुंबं सांगतात. आमच्याही घरात हेच सांगत असत, म्हणून हे पत्र.

महाराज कवळाण्याहून दत्तक आले ते १८७५ साली. माझ्या खापरपणजोबांच्या नेमणुकीचा मोडी कागद आत्याच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या तळाशी सापडला. त्यावर सन आहे 'इसन्ने सबैन मयातैन व अलफ'. दोन, सत्तर, दोनशे, हजार, म्हणजे १२७२. एका नातेवाइकांनी आकडा बरोबर काढला, पण तो हिजरी धरून १८५५ केलं आणि आमचा माणूस गणपतराव गायकवाडांच्या कारकिर्दीत नेऊन बसवला. छापील कुलवृत्तांतात तसंच गेलं. हा सन शुहूरचा, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या कालगणनेचा. तो मृग लागला की बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, पुढच्या मृगापर्यंत ६००. हिशेब येतो १८७१-७२. खंडेराव महाराज १८७० च्या नोव्हेंबरात वारले होते, गादीवर मल्हारराव होते. पुढे पदच्युत झालेल्या या मल्हाररावांची चाकरी पुढच्या पिढ्यांना सांगाविशी वाटली नसावी, असा माझा तर्क आहे. मला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नाही. सहासष्टाव्या वर्षी मोडी शिकले, तेव्हा हे माझं मला वाचता आलं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. कुलवृत्तांतात खापरपणजोबांच्या नावापुढे छापलंय, 'पत्नी : माहिती नाही'. नाशिकला रामकुंडावर आमच्या उपाध्यायांकडे गेले, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. येणाऱ्या घराण्यांची नावं लिहून ठेवलेली त्यांची वही निघाली. खापरपणजोबांच्या हातचा मजकूर होता : वडील, भाऊ, मुलगे आणि शेवटच्या ओळीत बायकोचं नाव. ते वाचलं आणि कानात वडिलांचा आवाज आला. पितृपक्षात दांडिया बाजारच्या घरी ते माता, पितामही, प्रपितामही (आई, आजी, पणजी) म्हणत एकेक नाव घेत. मी स्वयंपाकघरात आईला वडे थापून देत असे आणि सगळं ऐकू येई. प्रपितामही म्हणून ते जे नाव घेत, तेच हे.

वडील गेले. श्राद्धात तीनच पिढ्यांची नावं घेतात; आता ते करणाऱ्या भावाच्या संकल्पात एक पिढी पुढे सरकली आणि ते नाव घरातून नाहीसं झालं. ते आम्हाला दरवर्षी ऐकू येत होतं, आणि कुलवृत्तांतासाठी माहितीचा कागद भरताना कुणाला ते आठवलं नाही. मलाही नाही, याचं फार वाईट वाटतं. तिचं माहेर कुठलं, हे त्या वहीत नाही. वडिलांना विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं.

कुलवृत्तांताचं काम करणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की 'पत्नी : माहिती नाही' छापण्याआधी त्या घरात श्राद्ध कोण करतं ते विचारा आणि त्यांच्याकडून तिन्ही बायकांची नावं उतरवून घ्या. माहेरचं आडनाव आणि गाव कुणाला आठवत असेल तर तेही. आमच्या घरी यंदा सर्वपित्रीला गुरुजींच्या शेजारी वही-पेन घेऊन मी बसणार आहे.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा